वीज गेली आणि विंडोज उठेना

प्रश्न : विंडोज १०च्या डेस्कटॉपवर अपडेट चालू असताना गुरुवारी दुपारी वीज गेली. आता निळा पडदा येतो, सिस्टिम फाइल खराब असल्याचं सांगतो. कोडचे शेवटचे आकडे २२१. आपोआप दुरुस्ती चालते आणि पुन्हा तेच. दुकानदार म्हणतात, फॉरमॅटच करा. आत क्लासच्या प्रश्नपत्रिका आणि फीचे हिशेब आहेत. दुसरा मार्ग आहे का?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : फॉरमॅट हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. २२१चा अर्थ असा, की फाइल वाचल्यावर तिची पडताळणीची बेरीज जुळली नाही. फाइल अर्धवट लिहिली गेली असेल, पण डिस्क, केबल किंवा रॅमही वाचताना घोळ घालत असेल. म्हणून ती आपोआप दुरुस्ती पुन्हा पुन्हा चालवू नका. डिस्क मरायला टेकली असेल तर दर फेरीला ती आणखी झिजते.

आधी फाइली बाहेर काढा. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा (त्यातलं जुनं सगळं पुसलं जातं). चालू करताना बूट मेनूची कळ दाबून, बहुधा एफ१२, एफ११ किंवा एफ८, तो निवडा. भाषेच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजीत नोटपॅड टाइप करा, फाइल – ओपनमध्ये जा, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. आपले फोल्डर दिसतील. राइट क्लिकने कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करा. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. थांबा, बंद करू नका.

नोटपॅडच्या याच ओपन खिडकीत विंडोजचा ड्राइव्ह कोणत्या अक्षराचा दिसतो तेही बघून ठेवा. इथे सी बऱ्याचदा डी होतो, आणि निम्म्या लोकांच्या आज्ञा याच कारणाने फसतात. पुढे डी धरलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप इंग्रजीतच करा.

तुमचं अपडेट अर्धवट राहिलंय, म्हणून सुरुवात तिथूनच. भाषेच्या पडद्यानंतर ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स, त्यात ताजं क्वालिटी अपडेट काढा. जमलं नाही तर काळ्या खिडकीत डिस्म, म्हणजे विंडोजचं दुरुस्तीचं साधन:
डिस्म /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स
हे न करता फाइल तपासणी चालवली, तर ‘दुरुस्ती प्रलंबित आहे’ म्हणून ती अडून बसते. मग चेकडिस्क:
सीएचकेडीएसके डी: /एफ
/आर लावलं तर खराब सेक्टरही शोधले जातात, पण १ टीबीच्या हार्ड डिस्कला तासन्‌तास लागतात. त्यानंतर फाइल तपासणी, म्हणजे एसएफसी:
एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज
नुसतं /स्कॅननाऊ इथे उपयोगाचं नाही, कारण तुम्ही पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये आहात.

‘काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ असं आलं, तर डिस्मला /रिस्टोअरहेल्थ सांगून पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉलची फाइल /सोर्स म्हणून द्या. आवृत्ती आणि होम-प्रो प्रकार जुळलाच पाहिजे. /स्क्रॅचडिर, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची जागा, डी ड्राइव्हवरच्या आधी बनवलेल्या रिकाम्या फोल्डरकडे वळवा; पेनड्राइव्हच्या विंडोजला स्वतःची जागा फारच थोडी असते. यानंतर एसएफसी पुन्हा एकदा.

दोन जुने सल्ले टाळा. ‘रेगबॅक’ या जुन्या नकलांच्या फोल्डरमधून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) परत आणा म्हणतात, पण विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून तिथल्या फाइली शून्य बाइटच्या असतात. त्या चढवल्या तर असलेली रजिस्ट्रीही जाते. बूटरेकच्या आज्ञा बूटच्या नोंदी बिघडल्यावर कामाच्या, २२१वर नाहीत.

संगणक उठला, तर त्याच दिवशी डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल तर डिस्क बदलायची तयारी ठेवा. ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर आधी डिस्कला जोडलेली साटा केबल बदला. पुण्यात तपकीर गल्लीत ती सहज मिळते. दोन्ही ठीक असून फाइली पुन्हा बिघडल्या, तर रॅम. ती तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एक जरी चूक दिसली तरी पट्ट्या एकेक काढून बघा.

आणि यूपीएस. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दम सोडते, दिवा मात्र हिरवाच राहतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं नवं नाही. अपडेट त्या दिवशी लावू नका.

प्रश्न : विंडोज ११चा लॅपटॉप दुरुस्तीच्या मेनूत ४८ अंकी किल्ली मागतो. आम्ही कधीच कुठली किल्ली लावली नाही.
– वाचक, हडपसर

उत्तर : मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, आपोआप चालू होतो. फोनवरून त्याच खात्यात जा, उपकरणांच्या यादीत रिकव्हरी कीज बघा. पडद्यावरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळणारी किल्ली तुमची. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती तिथल्या आयटी विभागाकडे असते. किल्लीशिवाय डिस्क उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.