पाण्याचा अणू नसतो!

एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय. विज्ञान दिनाच्या भिंतीवर लावायला त्यांना तीन उतारे मिळालेत, कुणीतरी हिंदीवरून मराठीत आणलेले. एक लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच्या संशोधनाचा, एक कणभौतिकीचा, एक प्रथिनांच्या पृष्ठभागाचा. बाईंचे प्रश्न असे: ‘न्यूरोडेव्हलपमेंटल कंडिशन्स’ला ‘चेताविकासात्मक अटी’ म्हणायचं का? ‘देवकण’ चालेल का? आणि ‘आण्विक पृष्ठभाग’ बरोबर की ‘रेण्वीय पृष्ठभाग’?

‘देवकण’ चालणार नाही. हिग्ज बोसॉन म्हणा. 4 जुलै 2012 ला सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने नवा कण सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून आपली वर्तमानपत्रं त्याला हळदकुंकू वाहताहेत. ‘बोसॉन’ या नावात सत्येंद्रनाथ बोस आधीच बसलेत, वर आणखी देव कशाला? ‘कण’ मात्र झकास. कणीक, कणीस, कण्या ही सगळी एकाच घरातली भावंडं. ‘मूलकण’ वाचलं की मला अजून ताकातल्या कण्या आठवतात. असो.

‘आण्विक पृष्ठभाग’ वाचून मात्र माझा पारा चढला, कारण हे मी रोज ऐकतो. हिंदीत अ‍ॅटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदी मजकूर समोर ठेवून शब्द तसाच उचलला की ‘पाण्याचा अणू’ तयार होतो. अहो, पाण्याचा अणू नसतो! हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचा रेणू होतो, हे मुलं शाळेत शिकतात आणि मोठी माणसं जाहिरात लिहिताना विसरतात. मागे एका पाणी गाळायच्या यंत्राच्या पत्रकावर ‘आण्विक पातळीवर शुद्ध केलेले पाणी’ असं छापलं होतं. आमच्या शेजारच्या काकूंनी पत्रक उलटसुलट करून विचारलं, “हे तारापूरहून येतं का हो?” काकूंचं काही चुकलं नाही. मराठी कानाला ‘आण्विक’ म्हणजे बॉम्ब आणि भट्टी.

तेव्हा मॉलिक्यूलचं विशेषण रेणूपासूनच करायचं. पण ‘रेण्वीय’ नाही, ‘रेणवीय’. पाणिनीचं इवलंसं सूत्र आहे, ‘ओर्गुणः’. शब्दाच्या शेवटी उकार असेल तर असा प्रत्यय लागताना त्याचा ‘अव्’ होतो. मनूचा मानव, पांडूचा पांडव, वायूचं वायवीय, तसं रेणूचं रेणवीय. (‘आण्विक’ या रूपाची पाणिनीशी गाठ घालून देऊ नये. पण ते इतकं रुळलंय की आता त्याला घराबाहेर कोण काढणार?)

पण खरी गंमत ‘रेणू’तच आहे. रेणू म्हणजे मुळात धूळ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांचं कोष्टक येतं, त्याची सुरुवात कशापासून होते माहीत आहे? जाळीच्या खिडकीतून ऊन आत आलं की त्यात जो बारीकसा रजःकण दिसतो, त्याच्यापासून. त्याचं नाव त्रसरेणू. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे आपली केसांतली लीख, आणि तीन लिखांची एक मोहरी. माझ्या आजोळी माजघराच्या छपराला एक काचेचं कौल होतं. आजी त्याच्या खाली पीठ चाळायला बसली की कवडशात जे तरंगत असायचं, ते सगळं त्रसरेणूच. ‘त्रस्’ म्हणजे थरथरणं, भिऊन हलणं. आपला ‘त्रास’ आणि ‘त्रस्त’ त्याच धातूचे. थरथरती धूळ! आणि वैशेषिक या जुन्या दर्शनाच्या हिशेबात हा त्रसरेणू एकटा नाही. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, अशा तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू. म्हणजे अनेकांनी जुळून झालेला आणि डोळ्यांना दिसणारा पहिला.

मॉलिक्यूलला ‘रेणू’ म्हणणाऱ्याच्या मनात हाच त्रसरेणू असणार, असं माझं ठाम मत आहे. लोक हसतात, हसू देत. लॅटिनमधल्या ‘मोलेस’ या ढिगाऱ्याला लघुत्वाचा प्रत्यय लावून मॉलिक्यूल शब्द झाला, म्हणजे ‘ढिगुला’. त्यापेक्षा आपला शब्द कितीतरी नेमका.

आणि पुढचं तर ऐकाच. संस्कृतात रेणूचा आणखी एक अर्थ आहे, फुलातले पराग. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउन हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्किया नावाच्या फुलाच्या परागांतले कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. कण सारखे थरथरत होते. जिवंत असतील म्हणून त्याने काचेची पूड टाकून पाहिली, स्फिंक्सच्या दगडाचा तुकडासुद्धा कुटून पाहिला. सगळं थरथरतच होतं. त्याने निबंध लिहिला आणि त्याच्या मथळ्यात त्या कणांना नाव दिलं ‘सक्रिय मॉलिक्यूल’! ते मॉलिक्यूल नव्हते, पाण्याचे न दिसणारे मॉलिक्यूल त्यांना चारी बाजूंनी धक्के देत होते. आइनस्टाइनने 1905 मध्ये त्याचं गणित मांडलं. झाँ पेरँने गँबोज नावाच्या पिवळ्या चिकाचे गोळे मोजून ते खरं करून दाखवलं आणि 1926 चं नोबेल घेतलं. (गँबोजचं झाड आणि कोकणातला रातांबा एकाच प्रजातीतले, हे सोलकढी पिताना कुणालातरी सांगा.) म्हणजे बघा, परागातले रेणू थरथरले म्हणून पदार्थातले रेणू सिद्ध झाले. कवडशातली धूळ हवेच्या झुळकीने हलते आणि ब्राउनची गती वेगळी, एवढं मला कळतं, कुणी पत्र पाठवू नये. पण शब्द आधीच तिथे जाऊन बसला होता, त्याचं काय?

यावर काही पंडित सांगतात की हिंदीचंच बरोबर. सगळ्यांत लहान तो परमाणु, म्हणून अ‍ॅटमला तेच नाव हवं, मराठीने ‘परम’ गाळून घोळ केला. वा! थॉमसनने 1897 मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हाच अ‍ॅटमचं परमत्व संपलं. जो फुटतो त्याला ‘परम’ म्हणायचा हट्ट कशासाठी? आणि ‘अणुशक्ति’ हा शब्द हिंदीतही चालतोच, मुंबईतल्या अणुशक्तीनगरची हिंदी पाटी वाचा. तिथे काय मॉलिक्यूलची शक्ती आहे? जाता जाता, ‘अणूऊर्जा’ लिहिणाऱ्यांनाही हात जोडून विनंती: एकटा असताना अणू दीर्घ, समासात पुढे उभा राहिला की ऱ्हस्व. अणुऊर्जा, रेणुसूत्र.

बाईंचा उतारा राहिलाच. रेणवीय पृष्ठभाग म्हणजे काय, ते मुलांना असं दाखवा. टोपलीत मोसंब्यांचा ढीग रचा, ते झालं प्रथिन. त्यावरून एक गोटी फिरवा. गोटी जिथवर टेकते तो पृष्ठभाग, जिथे शिरत नाही त्या फटी बाहेरच्याला नसल्यासारख्याच. गोटी फिरवायची ही कल्पना ली आणि रिचर्ड्स या शास्त्रज्ञांनी 1971 मध्ये मांडली. पाण्याच्या रेणूऐवजी धरतात त्या गोटीची त्रिज्या साधारण 1.4 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). औषधाचा रेणू प्रथिनाला कुठे चिकटेल, ते या उंचसखलावर बरंचसं ठरतं. तिथे ‘आण्विक’ लिहिलंत तर पालक घाबरतील.

आणि हो, ‘अटी’. अटी भाड्याच्या करारात असतात, मुलांच्यात नाही. ‘कंडिशन’ म्हणजे इथे अवस्था. चेतापेशी शब्द पाठ्यपुस्तकात आहेच, तेव्हा ‘चेताविकासाशी निगडित अवस्था’ लिहा आणि खाली नावं द्या, स्वमग्नता, अवधानाची अडचण, वाचन-लेखनाची अडचण. ‘मतिमंद’ तर कुठेच नको. स्वमग्नता म्हणजे ‘ऑटिझम’. त्यातला ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’, आपल्या शब्दातला ‘स्व’ हे त्याचंच भाषांतर. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने 1943 मध्ये 11 मुलांबद्दल लिहिलं तेव्हा तो शब्द मनोविकारशास्त्रात आधीपासून होता, ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो स्किझोफ्रेनियातल्या एका लक्षणासाठी घडवला होता. आणि ‘स्वमग्न’मधला ‘मग्न’ म्हणजे बुडालेला, मज्ज् धातूपासून. आता हाडातली ‘मज्जा’ही त्याच धातूची, असं संस्कृतचा कोशकार मोनियर-विल्यम्स म्हणतो, आणि माझं त्याच्याशी जुनं भांडण आहे. पण बाईंना भिंत लावायचीय, ते पुढच्या वेळी.