समर स्ट्रिंग कॅम्पचे शिक्षक : यादीतली नावं की खोलीतली माणसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी तेरा वर्षांची, काही वर्षांपासून व्हायोलिन शिकतेय, आणि उन्हाळ्यातल्या दोन आठवड्यांच्या कॅम्पसाठी तुम्ही तीन ठिकाणं काढली आहेत. एका यादीत मोठमोठे सोलोइस्ट (एकल वादक), दुसऱ्यात बहुतेक ऑर्केस्ट्रात वाजवणारे, तिसऱ्यात एक स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो असा चौघांचा गट) आणि कधी न ऐकलेली नावं. शिवाय तिच्या नेहमीच्या सरांनी बसवलेला हात तिथे कुणी बिघडवणार तर नाही ना, ही धास्ती. मी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते आणि अशा कॅम्पांत बरीच वर्षं शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी आयोजकांना एकच गोष्ट विचारा : माझ्या मुलीला रोज कोण शिकवणार? यादीतलं मोठं नाव पुष्कळदा एका दिवसासाठी येतं, मास्टरक्लास घेतं आणि जातं. मास्टरक्लासमध्ये मोजकी मुलं स्टेजवर वाजवतात, प्रत्येकाच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटं येतात, बाकीची मुलं ऐकतात. ते ऐकणंही मोलाचं असतं, पण त्याला शिकवणी म्हणता येत नाही. आठवड्याला वैयक्तिक धडे किती, ते स्वतः शिक्षक घेतात की त्यांचे सहायक, आणि शिक्षक पूर्ण दोन आठवडे मुक्कामाला आहेत का, एवढं कळलं की यादी निम्मी वाचून झाली.

सहायक म्हणजे दुय्यम, असं मात्र समजू नका. व्हायोलिनचे नामवंत गुरू इव्हान गालामियन यांनी 1944 मध्ये न्यूयॉर्क राज्यात मेडोमाउंट ही उन्हाळी शाळा सुरू केली. या धर्तीच्या कितीतरी कॅम्पांना तिच्यावरूनच वळण लागलं. दिवसाचे काही तास मुलांनी आपापल्या खोलीत रियाज करायचा, आणि कुणीतरी बाहेरून कान देत फिरायचं. तिथे गालामियन यांच्या सहायक होत्या डोरोथी डिले. गालामियन कडक, शिस्तीचे, काय करायचं ते नेमकं सांगणारे. डिले विद्यार्थ्यालाच प्रश्न विचारून उत्तरापर्यंत नेणाऱ्या. प्रसिद्ध व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमन या दोघांकडे शिकले. डिले पुढे स्वतः जगभर नावाजलेल्या गुरू झाल्या आणि त्यांचे उन्हाळे कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनच्या संगीत महोत्सवात जाऊ लागले. तेव्हा तुमच्या मुलीला सहायकाकडे दिलं तर नाराज होण्याआधी तो सहायक कसा ऐकतो ते बघा.

ऑर्केस्ट्रातले वादक कॅम्पला का येतात? बऱ्याच ऑर्केस्ट्रांचा मुख्य हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, ते थोडे मोकळे होतात. पण त्यांच्याकडे जे असतं ते सोलोइस्टकडे असेलच असं नाही. शेजारच्याच्या बोबरोबर (गजाबरोबर) आपला बो कसा फिरवायचा, नवं पान समोर आलं की आधी काय बघायचं, हळू आवाजात वाजवतानाही स्वर भरीव कसा ठेवायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. जोसेफ गिंगोल्ड हे एके काळी क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचे प्रमुख, होते. मेडोमाउंटला ते चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत, शिकवत. आजचा नामवंत व्हायोलिनवादक जोशुआ बेल बारा वर्षांचा असताना तिथेच त्यांना भेटला आणि पुढे त्यांचाच शिष्य झाला.

आणि आता चेंबर म्युझिक. माझ्या मते कॅम्पचा खरा जीव यात आहे, कारण घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलाला हेच मिळत नाही. चांगला कोच काय करतो, ते एका तालमीवरून सांगते. चार मुलं हायडन या संगीतकाराचं क्वार्टेट वाजवत होती. पहिलं व्हायोलिन सुरेल, पण बाकीचे तिघे तिच्यामागे फरफटत होते. तिच्या चुका काढण्याऐवजी कोचने तिला वाद्य मांडीवर ठेवायला सांगितलं आणि व्हायोलाला एकट्याने स्वतःची ओळ वाजवायला लावली. नुसते एकाच स्वरावरचे आठवे (सारख्या लांबीचे छोटे ठोके), टक-टक-टक. मग चेलोला त्यात यायला सांगितलं, मग दुसऱ्या व्हायोलिनला. पहिल्या व्हायोलिनवालीने फक्त ऐकायचं आणि आपली सुरावट मनात म्हणायची. मग म्हणाले, "आता व्हायोलाचा श्वास ऐकून ये." ती आली, आणि चौघांची लय एकदम बसली. लय कुठे राहते हे तिला शब्दांत समजावत बसले असते तर तास गेला असता. क्वार्टेटमध्ये रोज वाजवणाऱ्या माणसाला हे सुचतं, कारण त्याच्या स्वतःच्या तालमीत तो रोज याच अडचणीशी झुंजत असतो.

म्हणून तुमच्या तिसऱ्या यादीकडे मी सगळ्यात आधी बघेन. अख्खं क्वार्टेट मुक्कामाला असेल, मुलांना कोचिंग देत असेल, आणि त्यांच्या तालमीला मुलांना बसू देत असेल, तर ती मोठीच संधी आहे. सकाळी आपला बो सरळ करायला सांगणारे सर संध्याकाळी मंचावर वाजवतात, आणि दुपारी त्याच चार ओळींवरून सहकाऱ्यांशी वाद घालतात, अडतात, पुन्हा करून बघतात, हे मुलीने स्वतः बघितलं की रियाजाकडे बघायची तिची नजर बदलते. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मार्लबरो या उन्हाळी संगीत महोत्सवाची ओळखच ही आहे की तिथे नावाजलेले ज्येष्ठ आणि तरुण वादक एकाच गटात बसून वाजवतात. ते मुलांचं ठिकाण नाही, पण त्यामागचा विचार मुलांच्या कॅम्पलाही लागू पडतो.

हात बिघडण्याबद्दल. बो धरण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. फ्रँको-बेल्जियन पद्धतीत तर्जनी जिथे टेकते त्यापेक्षा रशियन पद्धतीत ती अधिक खोलवर टेकते, आणि हाताचं वजन तारेवर वेगळ्या वाटेने उतरतं. ही पकड बदलायला महिने लागतात. दोन आठवड्यांत ती उलटीपालटी करू पाहणारा शिक्षक, कितीही नावाजलेला असो, मला नको वाटतो. जाणता शिक्षक असलेली पकड तशीच ठेवतो आणि एकच गोष्ट निवडतो. तार बदलताना कोपर उशिरा हलतो, असं समजा. तो ते दाखवतो, मोकळ्या तारांवर करून घेतो, मग तिच्या नेहमीच्या तुकड्यातल्या एका ओळीत बसवतो, आणि घरी याचा रियाज कसा करायचा ते सांगतो. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कॅम्पमध्ये सुधारलेली गोष्ट घरी टिकवण्याची रीत मुलीला माहीत नसेल तर ती टिकत नाही.

आणखी एक गोष्ट, हिच्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. घरी तासभर वाजवणारी मुलगी कॅम्पमध्ये रियाज, धडा, क्वार्टेट, ऑर्केस्ट्रा मिळून एकदम पाच-सहा तास वाजवते. मनगट, खांदा, मान दुखायला लागते, आणि सगळे वाजवतायत म्हणून मुलं सांगत नाहीत. शिक्षक याबद्दल मुलांना काय सांगतात, हे आयोजकांना स्पष्ट विचारा. दर तासाला वाद्य खाली ठेवायला लावणारे, दुखलं तर लगेच थांबवणारे शिक्षक असतील तिथेच पाठवा. जायच्या आधी दोन-तीन आठवडे घरचा वेळही हळूहळू वाढवत न्या, आणि हनुवटीखालचा व खांद्याचा टेकू तिच्या उंचीला अजून बसतो का ते सरांकडून बघून घ्या. या वयात मुलं भराभर वाढतात.

नेहमीच्या सरांना अंधारात ठेवू नका. ती सध्या काय वाजवते आणि ते कशावर काम करतायत, हे त्यांच्याकडून चार ओळींत लिहून घ्या आणि कॅम्पच्या शिक्षकांना द्या. परत येताना त्यांच्याकडूनही तशाच चार ओळी मागा. आम्ही शिकवणारे अशी चिठ्ठी आली की खूश होतो, कारण पहिला धडा ओळखीत वाया जात नाही. आणि मुलगी परत आल्यावर "तिथले सर असं सांगत होते" म्हणाली, तर ते तिने सरांसमोर वाजवून दाखवावं. बहुतेक वेळा दोघे एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगत असतात, आणि ती कोणती हे सरांना तिचं वाजवणं ऐकल्यावर लगेच कळतं.

तिन्ही ठिकाणांची उत्तरं आली की इथे लिहा. वैयक्तिक धडे आणि कोचिंग कोण घेणार एवढं जरी कळलं तरी मी नेमकं सांगू शकेन.