भावाला भ्रम होतात आणि आता वहिनीलाही तेच खरं वाटायला लागलंय, एकाचा भ्रम दुसऱ्याला होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो, पण सर्दीसारखा लागत नाही, रोज तेच तेच ऐकून आणि त्या माणसावर पूर्ण विश्वास असल्यामुळे हळूहळू पटत जातो. लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्येच याचं सविस्तर वर्णन करून ठेवलंय. होतं काय की एकाला आधी खरा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार असतो, समजा शेजारी भिंतीतून विषारी गॅस सोडतात असं त्याला ठाम वाटतं, मग दुसरं माणूस समजावतं, भांडतं, थकतं आणि एक दिवस स्वतःच फटींमध्ये कपडा कोंबायला लागतं. बहुतेक वेळा हे नवरा-बायको, बहिणी किंवा आई-मुलगी यांच्यात दिसतं, आणि बाहेरच्यांशी संबंध जवळपास तुटलेले असतात. खरा धोका हाच, कारण 'अहो, असं काही नाहीये' म्हणणारं तिसरं कोणी उरतच नाही. दोघांना काही दिवस वेगळं ठेवलं तर दुसऱ्याचा भ्रम बऱ्याचदा ओसरतो, पण दरवेळी नाही, काहींना स्वतंत्र औषधंही लागतात, त्यामुळे भाऊ आणि वहिनी दोघांनाही सायकिअ‍ॅट्रिस्टना दाखवा. आणि प्लीज, घरात वाद घालून पटवत बसू नका, त्याने ते दोघं एकमेकांना अजूनच घट्ट धरून बसतील.