पाय उचलायला वेगळं बटण?

या वेळी आलेल्या प्रश्नांत एकच रडगाणं फिरून फिरून आहे, गेम भारी दिसतो पण हातात येत नाही. म्हणून बाकीचे ग्राफिक्स कार्ड वगैरेचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त कंट्रोल्स.

प्रश्न : दादा, मी 'बेबी स्टेप्स' घेतला स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात). सगळे व्हिडिओ बघून हसत होते म्हणून घेतला आणि आता मलाच हसू येत नाहीये. माणूस चालतच नाही हो. कंट्रोलरची स्टिक पुढे ढकलली की नुसता कलतो आणि तोंडावर आपटतो. एक ट्रिगर (कंट्रोलरच्या मागचं बटण) डाव्या पायाचा, एक उजव्या पायाचा, असं कुठं असतं का? मित्र म्हणतो कंट्रोल्समध्ये बग आहे, पॅच (दुरुस्तीचं अपडेट) येईल, थांब. थांबू का रिफंड मागू?
– एक कॉलेजकुमार, कराड

उत्तर : पॅच येणार नाही रे बाबा, कारण बग नाहीच आहे तो. तो गेमच तेवढा आहे. बाकीच्या गेममध्ये तू स्टिक ढकलतोस आणि चालायचं कसं ते कॉम्प्युटर बघतो, इथे ते काम तुझ्या गळ्यात मारलंय. ट्रिगर दाबला की पाय उचलला जातो, स्टिकने तो पाय कुठे न्यायचा ते ठरवायचं, ट्रिगर सोडला की पाय टेकतो. मग दुसरा. नेट नावाचा 35 वर्षांचा बेकार पोरगा (पोरगाच म्हणतो, आईबापाच्या तळघरात राहतो तो), अंगात राखाडी एकसंध झबलं, पाय अनवाणी, आणि समोर डोंगर. लढाई नाही, मरण नाही, पडलास तर जिथे घरंगळत जाशील तिथून उठायचं. कोणी नकाशा देऊ केला तरी साहेब नको म्हणतात, इतका संकोची माणूस आहे तो.

आणि हा बनवलाय कोणी बघ. गेब कझिलो, मॅक्सी बॉक आणि बेनेट फॉडी, सप्टेंबर 2025 मध्ये विंडोज आणि प्लेस्टेशन 5 वर आला. यातला फॉडी म्हणजे 2008 मध्ये 'क्वॉप' काढणारा माणूस. आठवतंय का, ब्राउझरमध्ये 100 मीटर पळायचं, क्यू आणि डब्ल्यूने मांड्या, ओ आणि पीने पोटऱ्या, आणि बहुतेकांचा धावपटू दोन-चार मीटरवरच लोळायचा. मग 2017 मध्ये 'गेटिंग ओव्हर इट', कढईत बसलेला उघडा माणूस, हातात घण, आणि फक्त माउस हलवून डोंगर चढायचा. हा गृहस्थ आधी तत्त्वज्ञानाचा संशोधक होता, मग न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गेम डिझाइन शिकवायचा, म्हणजे कंट्रोल्स चुकून असे झालेत असं समजू नकोस, जाणूनबुजून छळतोय तो.

आता तुझा प्रश्न, ठेवू का परत करू. मी एकच गोष्ट बघतो, पडल्यावर आपण का पडलो हे कळतं का. नेट पडला तर तुला दिसतं की पाय दगडाच्या कडेवर टेकला, किंवा वजन पुढे गेलं आणि मागचा पाय उचलायला उशीर झाला. म्हणजे चूक सापडते, पुढच्या वेळी सुधारता येते. खराब कंट्रोल्समध्ये हेच होत नाही, तीच बटणं त्याच वेळी दाबली तरी एकदा उडी बसते आणि एकदा नाही, तिथे शिकण्यासारखं काहीच नसतं, तिथे पैसे परत मागायचे.

पण घाई कर. स्टीमवर घेऊन 14 दिवस झाले नसतील आणि खेळायची वेळ दोन तासांच्या आत असेल तर रिफंड सहसा विनातक्रार मिळतो. त्या दोन तासांत पुढे जायच्या नादी लागूच नकोस. सपाटीवर नुसता चालत राहा. डोळे क्षितिजावर नको, पायावर ठेव, कॅमेरा खाली वळव. पावलं लहान टाक, उतारावर तर फारच लहान. पाय टेकल्यावर क्षणभर थांब, तोल सावरू दे, मग दुसरा. चिखलाच्या उताराच्या वाटेला जाऊ नकोस, आणि मध्येच कड्यावर कुठेतरी टोपी ठेवलेली दिसते तिचा मोह तर अजिबात नको, पडलास की टोपी पण जाते आणि चढलेलं पण जातं. दोन्ही ट्रिगर एकामागोमाग न बघता दाबायला लागलास आणि कधी लय लागली ते कळलंच नाही असं झालं तर गेम तुझा आहे. दोन तास संपत आले तरी नुसता संताप होत असेल तर सरळ परत कर, त्यात कमीपणा नाही, अशा गेमची आवड माणसामाणसावर असते. मला स्वतःला आवडला, पण जेवण झाल्यावर खेळायचा गेम नाही हा.

हो, आणि कीबोर्डवर खेळत असशील तर कुणाचा तरी कंट्रोलर उसना आण. ट्रिगर बोटाखाली हळूहळू दाबला जातो, त्यात जी मजा आहे ती बटणात नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. तो कढईतल्या माणसाचा गेम खेळताना ओरडतो, उशी फेकतो, एकदा रडला पण. आमचे हे म्हणतात गेम बंद कर. काय करावं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, वर ज्याचा उल्लेख आलाय तोच तो 'गेटिंग ओव्हर इट'. त्यात मधली जागा सेव्ह करून पडल्यावर तिथून सुरू करायची सोयच नाही, वर गेलेला माणूस एका चुकीत पार खाली येऊ शकतो, तासभराची मेहनत गेली तर मोठी माणसंही शिव्या देतात. जाहिरातीतच बनवणारा सांगतो की हा विशिष्ट माणसांना त्रास द्यायला केलाय. तेव्हा मुलाचं काही बिघडलंय असं नाही. उशी चालेल, माउस फेकला तर बंद. आणि झोपायच्या आधी नको, पडल्यावर 'अजून एकदाच' करत बारा वाजतात. यांना सांगा एकदा स्वतः खेळून बघा, मग बोलू.

प्रश्न : कॉलेजात असताना 'टूम रेडर' खूप खेळलो, आता रिमास्टर (जुन्याच गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती) घेतला तर लारा बाईंना वळवताच येईना. पुढे दाबलं की ती तिच्या पुढे जाते, माझ्या पुढे नाही. आम्ही हे खेळत कसे होतो?
– वय वर्षे 44, नाशिक

उत्तर : दादा, खेळत होतो कारण दुसरं काही माहीतच नव्हतं! याला टँक कंट्रोल्स म्हणतात. डावं-उजवं दाबलं की माणूस जागच्या जागी वळतो, पुढे दाबलं की त्याचं तोंड असेल तिकडे जातो. 1996 च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये हे होतं त्याला कारण होतं, तिथे कॅमेरे खोलीत ठरलेल्या जागी टांगलेले, दारातून पुढे गेलं की चित्र एकदम उलट्या बाजूने. अशा वेळी 'स्क्रीनवर वर म्हणजे पुढे' असं ठेवलं असतं तर कॅमेरा बदलल्या क्षणी माणूस माघारी पळाला असता, तेही मागे झाँबी असताना. टँकमध्ये बटण दाबून धरलं की तो सरळच जातो, कॅमेरा कुठूनही असू दे.

'टूम रेडर'ची गोष्ट थोडी वेगळी. तो पण 1996 चाच, पण तिथे सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं आहे, एकसारख्या मापाचे. म्हणून तर ती युक्ती चालायची, आठवा, कडेला उभं राहायचं, एक उडी मागे मारायची, मग पळत येऊन उडी, आणि ती बरोब्बर कडेवरूनच सुटायची. मापात बसवलेलं होतं ते सगळं. फेब्रुवारी 2024 मध्ये पहिल्या तीन भागांचा जो रिमास्टर आला त्यात मॉडर्न कंट्रोल्स (स्टिक ढकलाल त्या बाजूला, कॅमेऱ्याच्या हिशेबाने जाणारे) पण दिलेत, तुमच्याकडे आत्ता टँक चालू आहेत वाटतं, ऑप्शन्समध्ये बदलता येतात. फिरायला, बघायला मॉडर्न छान वाटतात. पण मोजून मारायच्या उड्यांना मला टँकच बरे वाटतात, मॉडर्नमध्ये लारा जरा वाकड्या कोनात सुटली की गेली खाली. एक संध्याकाळ टँकवरच काढून बघा, बोटांना आठवतं हो, डोक्याला नाही आठवलं तरी. नाहीच जमलं तर मॉडर्न आहेतच, कोण बघतंय.

प्रश्न : पीसी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि 'रेड डेड रिडेम्प्शन 2' सुरू केला. हिरो दारू प्यायल्यासारखा चालतो, बटण दाबल्यावर कधी तरी वळतो. गेम असाच आहे का माझा पीसी मेला?
– एक वाचक, दुबई

उत्तर : दोन्ही थोडं थोडं, पण आधी टीव्ही बघा. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात प्रत्येक फ्रेमवर काम करत बसतो आणि मग दाखवतो, सिनेमाला फरक पडत नाही, गेमला हात जड होतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो तो लावा, मोशन स्मूदिंग जे काय नाव असेल ते बंद. बहुतेकांचं दुखणं इथेच संपतं. मग फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते. 30 ला एक फ्रेम 33 मिलिसेकंद टिकते, 60 ला साधारण 17, म्हणजे 30 वर खेळत असाल तर तुमचं बटण आणि चित्र यांच्यातलं अंतर तिथेच वाढलेलं असतं. सावल्या, रिफ्लेक्शन कमी करा, 60 च्या जवळ न्या. व्हीसिंक (चित्र आणि पडदा यांचा मेळ घालणारं सेटिंग) बंद करून बघा, चित्र फाटल्यासारखं दिसलं तर परत लावा. ब्लूटूथने कंट्रोलर जोडला असेल तर एकदा वायर लावून बघा.

एवढं सगळं करून जे उरेल ते मात्र गेमचंच आहे. हिरो आर्थरला वजन आहे, घोड्यावरून उतरताना पाय टाकतो, कपाट उघडतो, डबा उचलतो, सगळं पूर्ण करूनच पुढे सरकतो. ज्यांना झटपट नेमबाजी हवी त्यांना हा छळ वाटतो, मला त्या सगळ्या संथपणात घोड्यावर बसून नुसतं फिरायला आवडतं. पण खरं सांगायचं तर लहान खोलीत शिरल्यावर तो जो टेबलाखुर्च्यांत अडखळतो त्याचं समर्थन माझ्याकडेही नाही.

प्रश्न : हसू नका. 'व्हाइस सिटी'तलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून जमलं नव्हतं, आता लॅपटॉपवर जुना गेम टाकलाय तरी जमेना. काही उपाय?
– नाव छापू नये, सोलापूर

उत्तर : नाही छापत. आणि हसत पण नाही, अर्धा महाराष्ट्र त्या मिशनवर अडकला होता, कितीतरी जणांनी पुढचा गेम बघितलाच नाही. 'डिमॉलिशन मॅन' नाव त्याचं, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब एकेक करून वेगवेगळ्या मजल्यांवर नेऊन ठेवायचे. घोटाळा असा की हेलिकॉप्टर वर-खाली न्यायच्या कीज डाव्या हाताला आणि वाकवायच्या कीज नमपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग), आणि तुमच्या लॅपटॉपला बहुधा नमपॅडच नसेल. ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स उघडा आणि त्या कीज तुमच्या कीबोर्डवर जिथे बोटं आरामात पोचतील तिथे आणा, ॲरो कीज बऱ्या पडतात. दुसरं, घड्याळ सुरू होतं ते पहिला बॉम्ब उचलल्यावर, त्याआधी नाही. म्हणजे बॉम्बला हात न लावता निवांत इमारतीत शिरा, जिने कुठे आहेत बघून घ्या, आणि आत जे कामगार आणि बंदूकवाले आहेत त्यांचा पंख्याने बंदोबस्त करा. मग पहिला बॉम्ब सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा, लांबचं काम वेळ हातात असताना उरकतं, आणि तिथून एकेक मजला खाली या.