‘चारित्र्य’ या शब्दापाशी अडलेला अर्ज

“ताई, एक विचारू? फॉर्मवरचा तो रकाना रिकामा सोडला तर कुणाला कळेल का?”

ऑकलंडमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा लिकर स्टोअरमध्ये नाहीतर रेस्टॉरंटमध्ये ड्यूटी मॅनेजर असतो, आणि दारूविक्रीवर देखरेख करण्यासाठी लागणाऱ्या त्याच्या मॅनेजर सर्टिफिकेटची मुदत संपत आलेली असते. मधल्या काळात कोर्टात एकदा दोषी ठरलेला असतो, आणि नूतनीकरणाच्या फॉर्मवर झालेल्या शिक्षांचा रकाना असतो. ‘आता माझी नोकरी गेली का?’ ही त्याची खरी धास्ती. अशाच एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हा मुलगा साताऱ्याकडचा. दिवाळीच्या पार्टीहून गाडी चालवत घरी निघाला आणि नाक्यावर पकडला गेला. न्यूझीलंडमध्ये वीस वर्षांवरच्या चालकाला श्वासाच्या एका लिटरमागे २५० मायक्रोग्रॅम अल्कोहोलपर्यंत मुभा आहे. त्यावर ४०० पर्यंत गेलात तर दंडाची पावती आणि लायसन्सवर डिमेरिट पॉइंट, गुन्ह्याची नोंद नाही. ४०० ओलांडले की कोर्ट. याचा आकडा पाचशेच्या घरात होता. दंड झाला, सहा महिने लायसन्स गेलं. याला चौदा महिने झाले होते.

पहिल्या भेटीत तो अर्धा तास दुकानाबद्दलच बोलला. काउंटरमागे ड्यूटीवरच्या मॅनेजरचं नाव लावावं लागतं, तो कायदाच आहे. प्लॅस्टिकच्या खोबणीत नावाची पट्टी सरकवायची, घरी जाताना काढायची. “हल्ली ती पट्टी सरकवताना हात थरथरतो,” म्हणाला. “दारू विकायचा परवाना असलेलाच पिऊन गाडी चालवतो, असं गिऱ्हाईक मनात म्हणत असेल.” गिऱ्हाइकाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मग त्याने फॉर्मचा फोटो दाखवला. नूतनीकरणाच्या वेळी कौन्सिलची दारू-परवाना समिती काय बघते तर अर्जदार मॅनेजर व्हायला योग्य आहे का, मागच्या नूतनीकरणानंतर झालेल्या शिक्षा, आणि आजवर विक्री कशी सांभाळली. २०१२ च्या दारूविक्री कायद्यात हे लिहिलेलं आहे. ही योग्यता तोलताना ‘कॅरेक्टर अँड रेप्युटेशन’ही बघतात. पण त्याने त्यातला पहिलाच शब्द मनातल्या मनात मराठीत आणला होता: चारित्र्य. आणि तिथेच सगळं अडलं होतं.

आपल्याकडे हा शब्द फार जड आहे. कॉलेजच्या दाखल्यावर ‘चारित्र्य उत्तम’ लिहून देतात, लग्न ठरवताना त्याची चौकशी होते, पासपोर्टला पोलीस येतात तेव्हा शेजारचे दारं किलकिली करून बघतात. चारित्र्यावर डाग पडला की तो धुतला जात नाही, असंच ऐकत आपण मोठे होतो. त्याची आई तर अजून ‘दारूचा परवाना’ म्हटलं की पिण्याचा परवानाच समजते. महाराष्ट्रात तोही काढावा लागतो, तेव्हा बिचारीचं चुकत नाही. म्हणजे मुलगा जे काम करतो तेच घरी धड सांगितलेलं नव्हतं, त्यात हे.

मी त्याला म्हटलं, “समितीला तुझं घराणं बघायचं नाहीये रे. दुकान तुझ्यावर सोपवता येईल का, एवढंच बघायचंय. आणि रकाना रिकामा ठेवलास तर त्याचं उत्तर तूच देऊन टाकलंस.”

प्रत्येक अर्ज पोलिसांकडे आणि लायसन्सिंग इन्स्पेक्टरकडे जातोच. नोंद त्यांच्या समोरच असते. जुनी शिक्षा न सांगण्याची मुभा देणारा ‘क्लीन स्लेट’चा कायदाही त्याने ऐकला होता; पण त्याला शिक्षेविना सात वर्षं कोरी लागतात, चौदा महिन्यांत तो लागू होत नाही.

मी वकील नाही. कायद्यासाठी त्याला कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये, म्हणजे फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्रात, पाठवलं. तिथे त्याला दारू-परवान्यांबाबतचा १९९५ चा ऑस्बोर्न निकाल समजावला: गंभीर गुन्हा, किंवा दारूच्या अतिरेकातला, किंवा कामावर असताना केलेला असेल तर साधारण पाच वर्षं स्वच्छ हवीत, पिऊन गाडी चालवण्याची एखादीच सुटी घटना असेल तर किमान दोन. हा कायदा नव्हे, मोजपट्टी आहे, आणि समिती तिला बांधलेली नाही. पण पोलीस तिचा दाखला देणार हे उघड होतं. तसंच झालं, त्यांनी विरोध नोंदवला आणि सुनावणी लागली. अर्ज मुदतीआधी दिल्यामुळे निकाल लागेपर्यंत सर्टिफिकेट चालू राहिलं. हे मी सगळ्यांना दोनदा सांगते, कारण लाजेपायी लोक अर्जच लांबवतात आणि मुदत हातची घालवतात.

आमचं खरं काम मात्र एका पानाच्या पत्रावर झालं. पहिल्या मसुद्यात ‘मित्रांनी आग्रह केला’, ‘टॅक्सी मिळाली नाही’, ‘घर जवळच होतं’. मी काही खोडलं नाही. फक्त मोठ्याने वाचायला लावलं. टॅक्सीपर्यंत आला आणि थांबला. “ताई, मी टॅक्सी बोलावलीच नव्हती.” तिसऱ्या मसुद्यात ते वाक्य जसंच्या तसं आलं. सोबत दारूविषयीच्या कोर्सचा दाखला आणि मालकाचं पत्र. मालकाला सांगणं त्याला कोर्टापेक्षा अवघड गेलं, आणि बायकोला त्याहून. तिला फक्त दंड माहीत होता, गुन्ह्याची नोंद झालीय हे माहीत नव्हतं.

सुनावणीत त्याला सर्वात जास्त त्या टॅक्सीबद्दलच विचारलं गेलं. सर्टिफिकेटचं नूतनीकरण झालं. सगळ्यांचं होतं असं नाही. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एकाने रकाना रिकामा ठेवला होता, त्याचा अर्ज फेटाळला गेला, आणि फेटाळण्याच्या कारणांत शिक्षेपेक्षा लपवण्यावर जास्त ओळी होत्या.

महिन्याभराने मी त्या बाजूला गेले होते. काउंटरवर तोच होता. पट्टी खोबणीत जरा तिरकी बसली होती. मी खूण केल्यावर त्याने ती नीट केली आणि समोरच्या पोराला म्हणाला, “आयडी दाखव.”