ढोल वाजला की हात थंड पडतात

(गुहागर तालुक्यातल्या एका तेवीस वर्षांच्या मुलाचं पत्र. मुंबईत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, एमएसडब्ल्यू, करतोय. समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींमधल्या आघातानंतरच्या तणावावर, म्हणजे पीटीएसडीवर प्रबंध लिहितोय. तो स्वतः गे आहे, आईवडिलांना माहीत नाही. सोळाव्या वर्षी शिमग्याच्या रात्री चुलतभावांनी माडांच्या बागेत नेऊन बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. सहा मुलाखती झाल्या आणि ती रात्र परत येऊ लागली. विचारतो, ‘ताई, हे खरं आहे की अभ्यासातलं नाव मी स्वतःला चिकटवतोय? गावाकडच्या मुलाखती कशा घेऊ? शिमगा जवळ आलाय, आई बोलावतेय.’)

बाळा,

तू लिहिलंस, दादरच्या पुलावर वरातीतला ढोल ऐकला आणि हात थंड पडले, कठड्याला धरून किती वेळ उभा होतो कळलं नाही. मी तिथेच थांबले. हे तू पुस्तकातून उचललेलं नाहीस रे.

निदान मी करणार नाही, तूही करू नकोस. पण नको असताना प्रसंग समोर येणं, ते आवाज टाळणं, झोप उडणं, दचकणं, आणि हे महिन्याहून जास्त चालणं, एवढं तज्ज्ञाकडे जायला पुरेसं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिथून सुरुवात कर. पुढे कुणी ‘तुला बदलून देतो’ म्हणालं तर उठून ये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असले उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय.

तोवर मुलाखती थांबव. गाईडला सगळं सांगायला नको, ‘तब्येतीमुळे थोडं थांबतोय’ एवढं पुरे. समोरचा माणूस आपली सर्वात वाईट रात्र तुझ्यापुढे उलगडत असताना तू स्वतःच बागेत पोचलास, तर त्याला सांभाळणार कोण?

गावाकडच्या मुलाखतींचं मला फार वाटतं, म्हणून जरा लांबण लावते. नाव बदलून आपल्याकडे भागत नाही. ‘दोन बहिणींचा भाऊ, बापाची होडी, काका मुंबईला पोलिसात’ एवढं छापलंस की एसटीच्या थांब्यावरची माणसं पाच मिनिटांत घर दाखवतील. तालुका लिहू नकोस, वयाऐवजी ‘विशीतला’ म्हण, होडीचा उल्लेखच गाळ. भेट वाडीत नको, चिपळूणला घे. तुझी बाईक कुणाच्या दारात उभी होती हेही लोकांच्या लक्षात राहतं. आणि बोलून झाल्यावर लगेच निघू नकोस. चहा होईपर्यंत बस, रात्री त्याच्यासोबत कोण असेल ते विचार.

पन्नाशीतलं कुणी भेटलं तर ‘डॉक्टरकडे का गेला नाहीत’ हा प्रश्न जपून विचार. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायचं ठरवलं ते १९७३ साली. त्याच यादीत पीटीएसडी आला १९८० ला. आपल्याकडे तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक सप्टेंबर २०१८ पर्यंत होता. मार खाल्लेल्याने जायचं कुणाकडे, पोलिसांकडे?

आणखी एक. रोजची टिंगल, ‘बायल्या’ म्हणून मारलेली हाक, घरात जपून बोलणं, हे ओझं पीटीएसडीपेक्षा वेगळं. इलान मायर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००३ साली त्याची मांडणी ‘अल्पसंख्याक असण्याचा ताण’ म्हणून केली. दोन्ही एकाच माणसात असतात, प्रबंधात मात्र एकात एक मिसळू नकोस. स्वतःची हकीकत त्यात घालायची का, ते आत्ता ठरवूच नको.

शिमग्याला यंदा गेला नाहीस तरी चालेल. पालखी दारात येते तेव्हा तू हवास असं आईला वाटणारच. अभ्यास आहे सांग, ते खोटंही नाही. जायचंच झालं तर मुक्काम मावशीकडे कर, आणि मुलाखतींचं रेकॉर्डिंग मोबाईलमधून आधीच काढून ठेव. सणाला घरभर भाचरं असतात, फोन कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

तुझी,
ताई