'सेट'चे अर्थ पाठ करू नकोस

'सेट'चे अर्थ पाठ करत बसू नकोस. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते, कुठवर पुरणार? त्यापेक्षा मूळ धर. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचंच जुनं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आता आपलं मराठी बघ: मोडलेलं हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात. इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'च! हे उमगलं तेव्हा मला किती आनंद झाला होता. सिमेंट 'सेट' होतं, तेही जागच्या जागी बसतंच. फक्त कपबश्यांचा 'सेट' यात ओढू नकोस. ते नाम लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलंय, पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. वाचताना अडलं की आधी 'बसवणे' लावून बघ, मग कोश उघड.